विहीणबाईंचा उजवा पाय

सासूबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा माझी आई पंधरा दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली. आई शाळेत पीटी शिकवायची. निवृत्त झाली तरी आवाज अजून मैदानावरच आहे. सासूबाई शिवणकाम करणाऱ्या; गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ. दोघींचं नातं तोवर 'या, बसा, चहा टाकू का?' एवढंच होतं.

आठवड्यातून दोनदा फिजिओताई यायच्या. त्यांनी एक छोटं यंत्र दिलं होतं. त्याच्या दोन चिकटपट्ट्या नडगीवर लावायच्या, बटण फिरवलं की बारीक करंट जायचा आणि लोंबणारं पाऊल वर उचललं जायचं.

"यंत्र उचलतंय म्हणून आपण स्वस्थ बसायचं नाही, आजी," त्या बजावायच्या. "चुणचुणलं की तुम्हीही मनापासून पाय उचला. मेंदूला वाट पुन्हा दाखवायचीय."

शिवाय खुर्चीत बसून मारायची पेडलं होती. ती सासूबाई दोन मिनिटांत सोडून द्यायच्या.

"एवढं चालवून पोचायचं कुठे?"

"पोचायचं नाही, विहीणबाई. चला! एक, दोन, तीन..."

"अहो, मी काय तुमच्या सहावी ब मधली आहे?"

एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले, तर पट्ट्या आईच्या नडगीवर आणि बटण सासूबाईंच्या डाव्या हातात.

"सोपं वाटतं ना तुम्हाला? घ्या मग."

आईचा पाय असा उडाला की समोरचं स्टूल तांब्यासकट आडवं झालं. सासूबाई खो खो हसल्या. आजारपणापासून हसताना त्यांचं तोंड एका बाजूला घसरायचं, म्हणून त्या हसणंच टाळायच्या. त्या दिवशी विसरल्या.

"मुंग्या चावल्यासारखं होतं की हो," आई नडगी चोळत म्हणाली. "रोज एवढं सोसता?"

"त्याचं काही नाही. तुमचं ओरडणं जास्त लागतं."

दुसऱ्या दिवसापासून आई हळू आवाजात मोजू लागली. तिच्या मानाने हळू.

पेडलं मात्र पडूनच होती. आईचं लक्ष कोपऱ्यातल्या, चादर टाकलेल्या शिलाई मशीनकडे गेलं. तिने फिजिओताईंना विचारलं. त्यांनी मशीनची पायटी हलवून पाहिली, सुई काढायला लावली आणि म्हणाल्या, "बघू या करून. पण मी समोर असताना."

पट्ट्या लावल्या, दोन्ही पाय पायटीवर ठेवले. डाव्या पायाला काम ठाऊकच होतं. चुणचुणलं तसा उजवाही त्याच्यामागे निघाला. चाक फिरलं.

"उलटं चाललंय! दोरा तुटेल!" सासूबाई ओरडल्या. दोरा नव्हताच. त्यांनी डावा हात पुढे करून चाक सरळ फिरवलं आणि पाय चालवत राहिल्या. मोजायचं कुणालाच सुचलं नाही.

चार महिन्यांनी त्या काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागल्या. हाताचं तेवढं जमलं नाही. त्यालाही पट्ट्या लावल्या, बोटं थोडी उघडू लागली; पण कात्री काही पेलेना. पुढेही पेलेलच असं नाही, हे फिजिओताईंनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. आई कात्री घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली.

मग म्हणाली, "कात्री मी धरते. कुठे कापायचं ते तू सांग."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "आणि वाकडं कापलंस तर?"

"तर तू ओरड."

सुई पुन्हा बसली. सासूबाई उजव्या मुठीने कापड दाबून धरत, डाव्या हाताने सरकवत. मशीन थांबत थांबत चाले. पहिलं काय शिवलं, तर उशीचा अभ्रा. कापणारीने वाकडं कापलं होतं, आणि शिवणारीने ओरडत ओरडत तसंच शिवलं होतं.

तो अभ्रा सध्या माझ्या नवऱ्याच्या उशीला आहे. उशीचा एक कान बाहेर लोंबतो. दोघींसमोर तक्रार करायची त्याची काय बिशाद!