छपराला भोक नको

थोरला छपरं घालायचा, धाकटा नळाची कामं करायचा. दोघं एकाच घरात राहत. शेजारी म्हणत, "तुमचं बरंय बुवा, वरचं पाणी दादा अडवतो, खालचं तू घालवतोस!"

दादाची बायको गेली, लेक लग्न होऊन दूर होती. धाकट्यानं त्याच्यासाठी मागं एक खोली बांधली, तिला लागून न्हाणीघर. छप्पर अर्थातच दादानं घातलं. धाकटा हवेचा पाइप घेऊन शिडीवर चढला, तसा दादा खालून ओरडला, "माझ्या छपराला भोक पाडायचं नाही! जन्मभर लोकांची भोकं बुजवत आलोय मी."

"अरे, सांडपाण्याच्या पाइपला हवा लागते."

"लागते तर दुसरीकडून दे."

धाकट्याचं काही चुकत नव्हतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून बघा, आचके देत येतं. दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते. इथंही तसंच. बेसिनखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी कायम साचून असतं आणि गटारातल्या वासाची वाट अडवून बसतं. पाइपला हवा मिळाली नाही, तर वाहतं पाणी या राखणदारालाच ओढून नेतं. मग वास बिनबोभाट घरात.

धाकटा शिडीवरून उतरला. त्यानं बेसिनखाली हवेची झडप बसवली. पाणी वाहताना ती उघडून खोलीतली हवा आत घेते, एरवी मिटून वास अडवते. काम चोख झालं. दादानं वाकून पाहिलं आणि खो खो हसला. "पाइपला टोपडं घातलंस होय रे?"

ते धाकट्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं झडपेपुढं फळी ठोकली, चारही कडा पुट्टीनं लिंपल्या, वर रंग मारला. दिसायला नको न् हसायला नको. फळीमागची मूठभर हवा झडपेला कशी पुरणार, हे दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्यानं झोपेतही सांगितलं असतं. रागात स्वतःला विचारायचं राहून गेलं.

थोड्याच दिवसांत बेसिन गुडगुडायला लागलं.

"तुझं टोपडं घाण मारतंय," दादा म्हणाला.

"पाइप नाही, तुझं नाक बिघडलंय."

दादा रोज सांगायचा, हा रोज झटकून टाकायचा. एकदा जेवताना तोंडातून निघून गेलं, "एवढं सहन होत नसेल तर जा की लेकीकडे!"

दादानं ताटातला घास संपवला. सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो निघून गेला.

त्या दुपारी धाकटा रिकाम्या खोलीत शिरला आणि तिथंच थबकला. खरंच घाण येत होती. त्यानं पुट्टी खरवडून फळी उचकटली, बेसिनची तोटी सोडली. झडप उघडली, पाणी मुकाट्यानं निघून गेलं.

एवढ्यानं भागलं होतं. पण 'फळी मीच लावली होती' हे सांगायला जीभ रेटेना. म्हणून त्यानं झडप काढून पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर काढला, छपराच्या कडेला वळसा देऊन वर उंच नेला. छपराला ओरखडाही नाही. अर्ध्या दिवसाचं काम. पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

दादाला फोन करायला मात्र त्याला आणखी दोन महिने लागले. "एकदा येऊन बघ तरी."

दादा आला. बराच वेळ मान वर करून पाहत राहिला.

"चांगलं केलंस."

"फळी लावली ना मी, तिथंच चुकलं. तुझं नाक ठीक होतं, दादा." शेवटी एकदाचं बोलून झालं. "आता येतोस ना परत?"

दादानं पाइपवरून हात फिरवला. "लेकीनं खोली बांधलीय रे माझ्यासाठी. छप्पर परवाच घातलं. तिला आता काय सांगू?"

धाकटा वाकून भिंतीशी पडलेले पाइपचे तुकडे गोळा करू लागला.

"तिथल्या छपराला एक भोक ठेवलंय," दादा हळूच म्हणाला. "पाइपसाठी. मीच पाडलं."

"तू?"

"हो. तेवढा पाइप बसवून जा. टोपडं नको."

धाकटा हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. तो आत जाऊन पान्हे पिशवीत भरू लागला. दादा बेसिनवर हात धूत होता. पाणी गेलेलं ऐकूही आलं नाही.