दुर्बिणीवरचे ओरखडे

उसिएलची स्वतःची बंदूक दुरुस्तीला गेली होती, म्हणून रानसमितीची रायफल त्याच्या हातात आली. तीन वर्षं ती कपाटात पडून होती. ऑगस्टच्या मेळाव्यात वाडीवाडीला मांस वाटायला दोन ओरिक्स हरणं मारायची होती. उसिएल हेड शिकारी, तेव्हा ते काम त्याचंच. आधी नेम तपासावा म्हणून तो गाडी घेऊन कोरड्या नदीच्या पात्रात उतरला, शंभर पावलांवर पत्र्याचा डबा ठेवला आणि पहिली गोळी झाडली. डबा उडाला.

सवयीप्रमाणे त्याने हिसक्यासरशी बोल्ट मागे ओढला आणि पुढे ढकलला. वर कुठंतरी ‘टिण्ण’ असं वाजलं आणि बोल्ट अर्ध्यावरच अडकला. उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडलीच नव्हती. ती आतच आडवी झाली होती आणि नवं काडतूस तिच्यावर चेपून बसलं होतं.

उसिएलचा हात थांबला. हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता, पण कावारीने तो त्याला सांगितला होता.

कावारी म्हणजे त्याच्या बायकोचा, मारिएताचा, भाऊ. सोळा वर्षं दोघं जोडीने माग काढत हिंडले होते. तीन वर्षांपूर्वी याच रायफलीतून सुटलेली कावारीची गोळी एका ओरिक्सला लागली, पण वर्मी बसली नाही. जनावर झुडपात कोसळलं, कावारी जवळ गेला आणि ते उठून अंगावर आलं. दुसरी गोळी सुटलीच नाही. हातभर लांब शिंग त्याच्या मांडीतून आरपार गेलं. उसिएल साठ पावलं मागे होता. त्यानेच ते जनावर पाडलं आणि रक्तात न्हालेल्या मेव्हण्याला पाठुंगळीला घेऊन गाडीपर्यंत आणलं.

महिन्याभराने समितीची बैठक झाली. काठी टेकत कावारी उभा राहिला आणि म्हणाला, “मी बोल्ट ओढला होता. वर काहीतरी टिण्णकन वाजलं आणि पुंगळी अडकली.”

उसिएलने तीच रायफल टेबलावर घेतली. रिकाम्या पुंगळ्या एकेक करून आत घातल्या आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून सावकाश बोल्ट ओढून दाखवला. दरवेळी पुंगळी अलगद बाजूला पडली.

“बंदूक ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “हातच लटपटला तर बंदूक बिचारी काय करणार? आणि वाजलं म्हणतोस, ते तुझे दात वाजले असतील!”

बैठकीत हशा पिकला. उसिएलही हसला होता. कावारीचं शिकाऱ्याचं काम गेलं आणि त्याला बोअरच्या पंपावर राखणीला बसवलं.

आता नदीच्या पात्रात उसिएलने अडकलेली पुंगळी बोटाने उचकटून काढली आणि गाडीच्या फळीवर रायफल घेऊन बसला. आधी त्याने आतली धूळ आणि तेलाचा थर पुसला. पुंगळीची कड पकडून ओढणारा आकडा पाहिला. त्याची पकड घट्ट होती. तिला बाहेर भिरकावणारी पट्टीही शाबूत होती. मग त्याने बैठकीत केलं होतं तसंच सावकाश ओढून पाहिलं. दहा वेळा ओढलं, दहाही पुंगळ्या निमूट बाजूला पडल्या.

मग एक घालून त्याने हिसका दिला. टिण्ण! पुंगळी परत आत.

त्याने पेचकस घेऊन वरची दुर्बीण उतरवली आणि पुन्हा हिसका दिला. पुंगळी उडून सहा पावलांवर वाळूत पडली. दुर्बीण चढवली की टिण्ण, उतरवली की पुंगळी वाळूत. तेव्हा त्याने दुर्बीण उलटी धरून उन्हात पाहिली. नेम सरकवायची जी फिरकी उजव्या अंगाला असते, तिच्या काळ्या रंगावर खालच्या बाजूने पितळी ओरखडे उमटले होते. काही आजचे, चकचकीत. काही जुने, काळवंडलेले.

दुर्बीण फार खाली बसली होती. जोरात उडालेली पुंगळी वर जाऊन त्या फिरकीवर आपटत होती आणि उलटून आत पडत होती. आणि दुर्बीण खाली बसवली होती कुणी? मान उंचवावी लागते, गाल नीट टेकत नाही, अशी कुरकुर करून दुर्बीण धरणाऱ्या उंच कड्या काढून बुटक्या कड्या लावणारा उसिएलच होता. त्या शिकारीच्या आधी दोनच आठवडे.

हळूहळू दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. भ्यालेल्या माणसाने चाचरत बोल्ट ओढला असता, तर पुंगळी बिनबोभाट बाहेर पडली असती. कावारीचा हात लटपटला नव्हता. अंगावर येणाऱ्या शिंगांसमोर त्याने पक्क्या शिकाऱ्यासारखा सणसणीत हिसका दिला होता.

दुपारी तो पंपावर पोचला. कावारी पिंपाच्या सावलीत बसून गुरांचं दावं वळत होता.

“या दाजी! आज वाट चुकलात काय? ताईनं घराबाहेर काढलं की काय?”

“तुझ्याकडेच आलोय.” उसिएलने रायफल त्याच्यापुढे धरली. “ती फिरकी बघ, खालून.”

तो उभ्यानेच सगळं सांगत गेला. कावारीने ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. एक, दोन, पुन्हा एकदा. मग विरजलेल्या दुधाचं भांडं पुढे ओढत तो म्हणाला, “बसा. ओमाएरे घेणार? आंबट झालंय थोडं.”

“कावारी, शिव्या दे मला.”

“पहिलं वर्षभर दिल्या की, भरपूर. तुम्हाला ऐकू आल्या नाहीत एवढंच.” तो किंचित हसला. “पण दाजी, पुढं पुढं मलाच वाटायला लागलं, की हा माणूस खोटं कशाला बोलेल? पाठीवर घालून आणलं यानं मला. म्हणजे भ्यालोच असणार मी. डोळे मिटून आठवायला बसलो की हात खरंच लटपटताना दिसायचा.”

उसिएल त्याच्यासमोर जमिनीवर बसला.

“माझ्या थोरलीला रानरक्षक व्हायचं होतं. अर्जसुद्धा लिहिला होता तिनं. मी म्हटलं, नको पोरी, तुझा बाप ऐनवेळी कच खातो, ते रक्तातच असतं. आता तिकडे विंडहुक शहरात दुकानात कापड मोजते.” त्याने रायफल परत दिली. “ते तिला कसं सांगायचं, याचाच विचार करतोय मी.”

उसिएलने जुन्या उंच कड्या शोधून लावल्या. पुढच्या बैठकीत उभं राहून त्याने सगळं सांगितलं, दातांच्या विनोदासकट. या वेळी कुणी हसलं नाही. समितीने कावारीला जुनं काम परत देऊ केलं.

तो आला. नदीच्या पात्रात डब्यावर एक गोळी झाडली, हिसका दिला आणि पुंगळी स्वच्छ उडाली. उसिएलने दुसरं काडतूस पुढे केलं, पण त्याने मान हलवली.

“झाली बरी. आता तुम्हीच वापरा दाजी.”

“आणि तू?”

“या पायानं जखमी जनावराच्या मागे धावणार मी? ते दिवस होते, गेले.”

लंगडत तो पंपाच्या वाटेला लागला. उसिएलने गाडीने सोडतो म्हणून हाक मारली. कावारीने मागे न बघता हात हलवला आणि चालत राहिला.