तळ्याकाठचा आजारी बेडूक

बाबांनी पन्नास वर्षं कुलपं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यापासून ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसतात आणि बागेत कोण आलं, कोण गेलं ते वहीत लिहून ठेवतात. आमची बाग म्हणजे चार वाफे, एक वाकडं झाड आणि परातीएवढं तळं. पण बाबांचा थाट असा, की जंगल खात्याचे साहेबच.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते, त्यामुळे लिहिलेलं काही दिसलं की चुका काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. रविवारी सकाळी ती वही हाती लागली. खार एक, मैना दोन, इथवर ठीक. मग, ‘बेडूक, तळ्याकाठी.’ दुसऱ्या दिवशी, ‘बेडूक तिथेच.’ चौथ्या दिवशी, ‘जागचा हलत नाही. आजारी असावा.’ आणि नवव्या दिवशी, ‘घाबरू नये म्हणून लांबूनच गांडूळ टाकलं. खाल्लं नाही.’

मी चपला अडकवून बागेत गेले. तळ्याकाठी माझा हिरवा मोजा पडला होता, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून उडालेला.

आधी मला हसू फुटलं, मग मी वळून खिडकीकडे पाहिलं. खिडकीपासून तळं जेमतेम दहा पावलांवर. बाबांना दिसत नव्हतं! कित्येक महिने चहा बशीत सांडत होता, पेपर ‘नंतर वाचतो’ म्हणून घडी घालून ठेवला जात होता, वहीतली अक्षरं टपोरी होत चालली होती. आणि दिवसभर लोकांच्या चुका शोधणारी मी घरात डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

मी मोजा त्यांच्या मांडीवर ठेवला. “घ्या, तुमचा पेशंट.”

त्यांनी तो चाचपला.

“मोतीबिंदू आहे,” ते म्हणाले. “चष्मेवाल्यानं थंडीच्या आधीच सांगितलंय.”

“आणि मला आत्ता सांगताय?”

“आधी सांगितलं असतं, तर हॉस्पिटलात नेलं असतंस.”

“अहो, अर्ध्या तासाचं काम असतं ते!”

“तुझ्या आईचंही छोटंसंच काम होतं.”

आई सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलात गेली ती परत आलीच नाही.

“परवा नदीवरची बंदी उठतेय,” बाबा म्हणाले. आमच्या डोंगराळ नदीतले मासे थंडीत अंडी घालतात, म्हणून तेवढे महिने तिथे गळ टाकता येत नाही. “दरवर्षीसारखा एकदा गळ टाकू दे मला. पुढचं पुढे.”

मी रजा टाकली आणि बंदी उठली त्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. काठच्या झाडांना नुकती पालवी फुटत होती, पाणी मात्र अजून हाडं गोठवणारं. गांडूळ लावायला मी पुढे झाले, तर त्यांनी माझा हात झटकला. गळ, गाठ, आमिष, सगळं बोटांनीच केलं. कुलपाच्या पोटात तरी त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं होतं? दोरी तर्जनीवर धरून ते डोळे मिटून बसले.

दोन तास काही नाही. मला धास्ती वाटू लागली. आज बाबा रिकाम्या हाती परतले, तर हा माणूस पुन्हा त्या खुर्चीतून उठायचा नाही.

तेवढ्यात तर्जनी हलली. गळाची काठी वाकली.

“पळू दे, पळू दे त्याला,” ते स्वतःलाच बजावत होते. मग हळूहळू दोरी आत घेतली आणि मी धरलेल्या जाळीत चांगला हातभर मासा येऊन पडला. बाबांनी हात ओले करून तो उचलला, नाकाला लागेल इतका जवळ धरला, उजेडाकडे वळवला.

“कसा दिसतोय गं?”

“कसा म्हणजे? माशासारखा.”

“पाठीवर ठिपके आहेत?”

“असावेत. फार वळवळतोय हो तो!”

“आणि पोट? सोनेरी आहे ना?”

“पिवळट आहे जरा.”

“पिवळट!” बाबा कडाडले. मासा पाण्यात सोडून त्यांनी हात झटकले. “वर्षातला पहिला मासा, आणि ही म्हणते पिवळट! तुझ्या डोळ्यांवर माझं भागायचं नाही. घे त्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ.”

“कधीची?”

“याच आठवड्यातली.” मग आवाज खाली आला. “मला आत नेतील तेव्हा दाराशीच थांब हं. चहाला वगैरे जाऊ नकोस कुठे.”

“नाही जाणार,” मी म्हटलं, आणि तिथूनच फोन लावला.