पेन्काचा अंगठा

“अंगठा नव्हता, म्हणून मी कानस लावली नाही,” पेन्का तिसऱ्यांदा म्हणाली.

राजधानीतून, सोफियाहून आलेले नवे साहेब, इंजिनिअर वालेव, टेबलावर पसरलेल्या ड्रॉइंगवर वाकले. “अहो बाई, अजून तोच अंगठा? या कडेवर चक्क खूण आहे. काटकोन, त्यापुढे उणे, पुढे आकडा. म्हणजे कड मोडायची, आणि किती मोडायची तेही लिहिलंय. दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं की! तसली चिन्हं कागदावर ढिगानं असतात. आम्ही आपले अंगठा बघतो.”

वालेव हसले. समोर बसलेला दिमो हसला नाही. त्याच्या उजव्या हाताला जाड पट्टी होती. पंपाचं झाकण बसवताना त्याच धारदार कडेनं त्याच्या अंगठ्याची शीर कापली होती, आणि आता तो अंगठा वाकायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

स्तांका भिंतीकडेच्या खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. ड्रॉइंग तिनंच काढलेलं होतं. सकाळीच वालेव स्वतः तिच्यासाठी कॉफी घेऊन आले होते, तेव्हाच तिचा जीव चरकला होता. “स्तांकाबाई, कागद बरोबर आहे, तुम्ही सुटलात. चूक कानसवालीची, तिला घरी बसवू. तुमच्या पेन्शनला थोडेच दिवस राहिलेत ना? मग हात दाखवून अवलक्षण कशाला?”

कागद बरोबर होता, हे खरंच. पण खालच्या शेडमधलं कुणी कागद तसा वाचतच नव्हतं, आणि ही खोड स्तांकानंच लावलेली. पंपातल्या काही कडा धारदारच ठेवाव्या लागतात. तिथं चुकून कानस फिरली तर तेल गळतं आणि भाग भंगारात जातो. काही कडांना मात्र माणसाचा हात लागतो, त्या मोडायलाच हव्यात. ठरलेल्या चिन्हांत शेडवाल्यांचा नेहमी गोंधळ व्हायचा. म्हणून तरुणपणी एकदा जेवणाच्या सुट्टीत, चीज भरलेल्या बानित्साचे तुकडे पडलेल्या कागदावर, स्तांकानं पेन्काचा अंगठा ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवली होती. कधीतरी हातोडी बसून वाकडं झालेलं नखसुद्धा तिनं सोडलं नाही. मग तेच चित्र संगणकात घालून तिनं खास खूण बनवली. अंगठा दिसला की कड मोडा, नसला तर हात लावू नका. पुन्हा कधी घोटाळा झाला नाही. पेन्का नव्या पोरींना ऐटीत सांगायची, “नीट बघा गं, माझा फोटो आहे तो!”

वालेव आले आणि म्हणाले, हा काय पोरखेळ? सगळ्या ड्रॉइंगांवर ठरलेलीच चिन्हं हवीत. स्तांकानं एकेक अंगठा पुसला आणि त्या जागी काटकोन बसवला. सूचना शेडच्या दारावर चिकटवली गेली. पण आठवडाभरात लेथवरचा म्हातारा गेंचो वारला, आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या निधनाचं फोटो असलेलं पत्रक कुणीतरी दारावर, नेमकं त्या सूचनेवरच डकवलं. मेलेल्या माणसाचा कागद कोण काढणार? तो वाऱ्यापावसानं आपोआपच झडायचा. स्तांकानं येता-जाता ते पाहिलं होतं. पेन्काला तोंडी सांगू, असं ती मनाशी म्हणाली. आज सांगू, उद्या सांगू. तुझा अंगठा मी पुसला, हे तिच्या तोंडावर म्हणायचं कसं? शरम वाटली, दुसरं काही नाही. त्या शरमेपायी दिमोचा अंगठा गेला.

“मग पेन्काबाई, चूक कबूल म्हणून सही करा इथं,” वालेव म्हणाले.

“छान! चोर सोडून संन्याशाला फाशी,” दिमो पुटपुटला.

पेन्कानं पेन उचललं. तिनं स्तांकाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच स्तांकाला सोसवेना. ती उठली.

“या कडेवर आधी अंगठा होता, साहेब. मीच काढला होता, मीच पुसला. तिला सांगायचं काम माझं होतं, ते मी टाळलं.”

वालेव यांचा चेहरा उतरला. “विचार करून बोला. तुमचं नाव अहवालात जाईल. आणि हिची नोकरी वाचेलच, असंही नाही.”

“लिहा माझं नाव.”

“मग ती खूणही अहवालाला जोडावी लागेल. काढून दाखवा.”

संगणकात आता काय असणार! तिनंच तो कोपरा झाडून पुसून ठेवला होता. स्तांकानं पेन्सिल घेतली, ड्रॉइंगच्या कडेला काढू लागली, पण ते वाकडं नख काही नीट उतरेना.

“पेन्के, हात दे.”

पेन्का जागची हलली नाही. “पुसलास तेव्हा विचारलं होतंस का गं?”

“नाही विचारलं. चुकलं माझं.”

“मेले, एवढी वर्षं एका ताटात जेवलो आपण!” पेन्कानं नाक पुसलं, बाही मागे सारली आणि अंगठा कागदावर टेकवला. वाकडं नख वर होतं.

पंख्याच्या वाऱ्यानं कागद सरकत होता. दिमोनं पट्टीचा हात उचलून त्याच्या कोपऱ्यावर ठेवला, आणि स्तांका पेन्काच्या नखाभोवती सावकाश पेन्सिल फिरवू लागली.