भाकरी फुगली तर

"भाकरी फुगली तर येते," तुळशीने अट घातली होती.

अनंताने जुनी व्हॅन विकत घेऊन झोपण्याजोगी करून घेतली होती. महिनाभर दोघांनी कोकणात फिरायचं त्याचं स्वप्न आता एका तांदळाच्या भाकरीवर अडलं होतं. म्हणून रविवारी सकाळी सोनिवलीच्या शेताच्या बांधावर परीक्षा.

पहिली भाकरी.
मुठीत मावणारी गॅसची शेगडी त्याने उल्हासनगरहून कौतुकाने आणलेली. जाळ रुपयाएवढा. भाकरी मधे करपली, कडेने कच्ची राहिली.
"घेताना भाकरीचं इचारलंत?"
"दुकानदार म्हणाला, मॅगी मस्त होते."
"मग मॅगीलाच न्या कोकणात."

दुसरी.
अनंताने सीटखालून गुपचूप आणखी एक शेगडी काढली, ब्रीफकेससारखी पसरट. जाळ छान रुंद होता, पण वाऱ्याने आडवा पडला आणि विझला. तो शेगडी उचलून गाडीत न्यायला निघाला.
"गाडीत नको! झोपायच्या जागेत जाळ करतात व्हय?"

तिसरी.
तुळशीने आपल्या पिशवीतून तेलाच्या डब्याचा कापून सपाट केलेला पत्रा काढला आणि पसरट शेगडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभा केला. शेगडीतली गॅसची बाटली तापू नये म्हणून बाकी बाजू मोकळ्या ठेवल्या. भाकरी थापली, उलटली. टम्म फुगली.

अनंता भाकरीकडे नाही, पत्र्याकडे बघत होता. कडा हातोडीने ठोकून बोथट केलेल्या. हे आज सकाळचं काम नव्हतं.
"हा कधी केलास गं?"
"गाडी घेतलीत तेव्हाच," तुळशी म्हणाली. "पीठ पाच किलो घेऊ का दहा?"