मॉनिटरची वायर

आमचा जुना कॉम्प्युटर फेब्रुवारीत गेला, त्या वेळी मी ग्लेनिसचा व्हिडिओ करत होते. तिच्या लग्नाच्या फोटोपर्यंत आले होते. पडदा गोठला, मग निळा झाला, मग काहीच राहिलं नाही. ग्लेनिसचं उरलेलं आयुष्य मी लायब्ररीत बसून जोडलं, मागे एक बाई सर्दीने शिंकत होती.

कॅनडातल्या आमच्या मूस जॉ गावात कोणी वारलं की चर्चच्या तळघरात जेवण असतं. अंड्याची सँडविचेस, लोणच्याच्या काकड्या, कुणीतरी केलेली सास्काटून बेरीची गोड पाय-पेस्ट्री. भिंतीवर गेलेल्या माणसाचे फोटो फिरत राहतात. ते फोटो जोडून व्हिडिओ करायचं काम नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. गेल्या वर्षी असे अकरा व्हिडिओ झाले. मी घरच्यांकडे नेहमी एक गोष्ट मागते, त्या माणसाचा आवाज. कुठे वाढदिवसाला बोललेला, कुठे फोनवर ठेवलेला निरोप. बहुतेकांकडे काहीतरी निघतंच.

आमच्याकडे मला हवं ते निघालं नसतं. लॉइड अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, डिसेंबरात हृदयाची रक्तवाहिनी उघडायला त्याच्या छातीत नळी घातली. रात्री डोळा लागला नाही की मी मनात त्याचे फोटो लावत बसते. फोटो भरपूर आहेत. पण लॉइड आणि आमचा मुलगा डेल एकमेकांशी बोलतायत, असं माझ्याजवळ कुठेच काही नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी लॉइडने शेत विकलं. डेल तेव्हा उत्तरेला खनिज तेलाच्या कॅम्पवर कामाला लागला होता. दोन वर्षांत परत येतो म्हणाला होता. लॉइडची पाठ दोन वर्षं थांबायला तयार नव्हती. विकल्यावर सांगितलं त्याने, आधी नाही. त्या दिवसापासून दोघांत एक शब्द नाही. डेल घरी आला की लॉइड गॅरेजमध्ये जातो, आणि मी दोघांना वेगवेगळी कॉफी देते.

चार वर्षांपूर्वी नाताळला डेलने एक खेळ पाठवला, पाकिटावर माझं नाव घालून. कॉम्प्युटरवर शेती करायची, ट्रॅक्टर चालवायचा, गहू कापायचा. दोघं लांबून एकाच शेतात काम करू शकतात. मी लॉइडच्या टेबलावर ठेवून दिला. तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता लॉइड हात धुऊन बसतो. कॅम्पवर डेल बसतो. बोलत नाहीत. लॉइड एका बोटाने टाइप करतो, "कापून झाला." डेल लिहितो, "ठीक." सहा वाजता डेलची पाळी सुरू होते.

त्यामुळे कॉम्प्युटर गेला तरी लॉइड शनिवारी चार वाजता हात धुऊन बंद पडद्यासमोर बसला. ते मला बघवेना. मी डेलला मेल केला.

डेल म्हणाला, दुकानातला तयार घेऊ नका, त्या पैशांत सुटे भाग आणून दुप्पट चांगला होईल. आमच्याजवळ अकराशे डॉलर होते. त्यात एकच यंत्र, त्याचा खेळ आणि माझे व्हिडिओ दोन्ही ओढणारं. त्याने यादी पाठवली. मग सुरू झालं ते, जे मी अकरा वर्षं करत आले होते.

"हे ग्राफिक्स कार्ड लहान वाटतंय," लॉइड चष्म्यावरून म्हणाला. "विचार त्याला."

मी फोनवर विचारलं.

"खेळाला पुरेल. डॅडला सांग, गव्हाच्या ओंब्या मोजायच्या नाहीयेत."

सांगितलं.

"पॉवर सप्लाय नवा कशाला? जुना नऊ वर्षं चालला. सांग त्याला."

"जुन्या ट्रॅक्टरचा पट्टा कापणीच्या नव्या कंबाइनला लावतोस का, विचार त्याला," डेल म्हणाला.

विचारलं. लॉइड म्हणाला, लावला होता एकदा, चांगला चालला होता. हे मी पुढे सांगितलं नाही, कारण तो पट्टा तुटून काय झालं होतं ते मला माहीत होतं.

माझं एकच मागणं होतं, मेमरी. सोळा जीबी नको, बत्तीस हवी. व्हिडिओ वीस मिनिटांच्या पुढे गेला की जुना कॉम्प्युटर गुदमरायचा, आणि आताशा लोक फार लांब जगतात, फोटो संपत नाहीत. डेलने यादी पुन्हा केली. पेटी साधी घेतली, दिवे चमकणारी काढून टाकली. प्रोसेसरही तीस डॉलरने स्वस्तातला घेतला.

"हा स्वतः चित्र दाखवत नाही," तो मला म्हणाला. "चित्र फक्त कार्डातून येणार. तेवढं डॅडला सांग. मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, खालच्या बाजूला. वर बोर्डालाही तसंच भोक आहे, तिथे लावलीस तर पडदा काळाच राहील. सगळे तिथेच चुकतात."

"सांगते," मी म्हणाले.

फोन ठेवला तर लॉइड दारात उभा. "आता काय म्हणतोय साहेब?"

तीन आठवडे मी या दोघांच्या मध्ये प्रोसेसर, पंखे आणि स्क्रू वाहत होते. त्याआधी अकरा वर्षं ट्रकचे टायर, नाताळचं जेवण, लॉइडच्या छातीतली नळी. त्या "साहेब"ने माझ्यातलं काहीतरी खचलं. मी म्हणाले, "काही नाही. यादी ठरली." आणि बटाटे सोलायला गेले. नंतर सांगू, असंच मनात होतं.

रजायना शहराला जाऊन भाग आणले. उणे एकतीस होतं, इंजिन गोठू नये म्हणून गाडी रात्रभर विजेला लावून ठेवली होती तरी कुरकुरली. शनिवारी सकाळी लॉइडने स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं आणि न मागता माझा मफिनचा साचा काढला. बारा खळग्यांत बारा तऱ्हेचे स्क्रू. मी बघत राहिले. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली याच टेबलावर त्याने टपालाने मागवलेल्या भागांतून रंगीत टीव्ही जोडला होता. अख्खा हिवाळा घालवला. डेल सात वर्षांचा, खुर्चीवर गुडघे टेकून, हाच साचा हातात धरून. मागितला तो स्क्रू द्यायचा. टीव्ही पहिल्यांदा लागला तेव्हा माणसं हिरवी दिसत होती, आणि आम्ही तिघं तशीच हिरवी माणसं रात्री अकरापर्यंत बघत बसलो.

"मोजे काढ," मी म्हणाले. "डेलने सांगितलंय. लोकरीच्या मोज्यांनी अंगात वीज साचते, बोर्ड जळेल."

"या थंडीत?"

"काढ म्हटलं ना."

काढले. म्हातारे पांढरे पाय लिनोलियमवर ठेवून त्याने दुपारी तीनपर्यंत सगळं जोडलं. हात थरथरतो त्याचा, पण स्क्रूला टेकला की थांबतो. मग त्याने पेटी उभी केली, मागे वाकला, आणि मॉनिटरची वायर लावली. वरच्या भोकात.

मी बघितलं. तोंड उघडलंही होतं. वायर हातभर अंतरावर होती, एक वाक्य पुरे होतं.

मी तोंड मिटलं.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. लॉइडने पुन्हा दाबलं. घड्याळात साडेतीन होत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी डेलला फोन लावला. "पडदा काळा आहे."

"डॅडला विचार, पंखे फिरतायत का."

"तूच विचार," मी म्हणाले. "मी थकले आता." आणि फोनचा आवाज मोठा करून मफिनच्या साच्याशेजारी ठेवून दिला.

सिंककडे जाऊन मी नळ सोडला, मग बंद केला, कारण ऐकू येईना. फोनमध्ये कॅम्पवरचं एखादं यंत्र घरघरत होतं. लॉइड फोनकडे असा बघत होता, जसं टेबलावर कोणी मांजर आणून ठेवलंय.

"फिरतायत," तो शेवटी म्हणाला.

मग डेलचा आवाज. "सगळे?"

"तीन आहेत. तिन्ही."

"मेमरी नीट बसलीय? दोन्ही बाजूंनी टक आवाज आला पाहिजे."

"आला होता. परत बसवू?"

"बसव."

बसवली. काळा. कार्ड काढून परत लावलं. काळा. डेल एकेक विचारत होता, लॉइड एकेक सांगत होता, दोघंही वजनाच्या काट्यावर ठेवल्यासारखे शब्द ठेवत होते.

"मोजे काढले होतेस?"

"काढले होते. पायांचं लाकूड झालंय."

फोनमधून हसू आलं. थोडं, नाकातून. "स्क्रू कशात ठेवलेस?"

"कशात ठेवणार. तुझ्या साच्यात."

"त्या टीव्हीचा एक स्क्रू मी गिळला होता."

"गिळला नव्हतास. दोन दिवस आम्ही तुझी... जाऊ दे. तुझ्या कोटाच्या खिशात निघाला."

"हे मला कोणी सांगितलंच नाही! मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगतोय, गिळला म्हणून."

"तू विचारलं नाहीस."

मी कोरडा कप पुसत होते. लॉइड पेटीवर हात ठेवून म्हणाला, "दलदलीच्या कडेला फार जवळून नांगरतोस तू. रुतशील."

"खेळात रुतत नाही, डॅड."

"तरी."

दलदलीचा तुकडा म्हणजे आमच्या शेताचा पूर्वेकडचा भाग. खेळातल्या जमिनीला डेलने ते नाव दिलं होतं. मला माहीत नव्हतं.

चार वाजून गेले. सव्वाचार. लॉइडचा आवाज चढू लागला. "कार्डच खराब दिलंय. स्वस्तातलं घेतलं की हेच. परत नेतो."

"कार्ड मी निवडलंय."

"तेच म्हणतोय."

इथे माझे हात थांबले. हा सूर मला ओळखीचा होता. शेत विकल्याच्या दिवशी याच टेबलाशी असाच निघाला होता. आता सांगायलाच हवं, म्हणून मी वळले. माझ्या हातून पुन्हा तेच घडवायचं नव्हतं.

"थांब," डेल म्हणाला. "वायर कुठे लावलीयस?"

"मागे."

"मागे कुठे? वर की खाली?"

"वर. जुन्यात होती तिथेच."

फोनमध्ये मोठा श्वास ऐकू आला. "मॉमने तुला सांगितलं नाही?"

लॉइडने माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल घडी करत होते.

"विसरले असेन," मी म्हणाले.

"ही?" लॉइड फोनला म्हणाला. "हिला एकाहत्तर सालच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं नाव आठवतं."

पण त्याने पुढे विचारलं नाही. वाकला, वायर काढली, खाली लावली. पडदा उजळला. त्या उजेडात त्याचा चेहरा दमलेला दिसत होता, माझाही दिसत असेल.

"आलं," तो म्हणाला.

"हिरवं दिसतंय?"

"नाही. नीट दिसतंय."

खेळ उतरवून घ्यायला वेळ लागणार होता, त्या शनिवारी शेती झालीच नाही. सहाला डेलची पाळी लागली. मी आवरलं, साचा धुतला. कोणी कोणाला माफ वगैरे केलं नाही. लॉइड मोजे घालून लवकर झोपला.

बुधवारी मी नव्या यंत्रावर बसले होते. नुकत्याच गेलेल्या हार्वीचा व्हिडिओ, पंचवीस मिनिटांचा, एकदाही अडकला नाही. फोन वाजला. डेलचा नंबर. तो बुधवारी दुपारीच करतो, पाळीवर जायच्या आधी, मला. मी सवयीने उठले.

लॉइडने आधीच उचलला होता. माझ्याकडे न बघता त्याने हात हलवला.

"तुझ्यासाठी नाहीये," तो म्हणाला.

मी परत खाली बसले.