अक्रोडाएवढा दगड आणि मी

मित्रांनो, मी अकीकाचा खल आहे. जुना खराच, पण नेमका किती जुना हे मला सांगता येत नाही. आणि ज्याचा पुरावा नाही ते बोलू नये, अशा संगतीत माझे आयुष्य गेले. एवढे मात्र ठामपणे सांगतो, की माझा जन्म लाव्हाच्या पोटातला आहे. कधीतरी लाव्हारस वाहत आला, थंड झाला, आणि त्यातले वायूचे बुडबुडे पोकळ्या होऊन मागे राहिले. त्यांत पाणी झिरपले, पाण्याबरोबर आलेली सिलिका थरावर थर बसत गेली आणि मी झालो. माझ्या अंगावरचे राखाडी पट्टे त्या थरांचे आहेत. पुढे एका कारागिराने मला कापले, कोरले आणि आतून असे घोटले, की बोट फिरवणाऱ्याला काचेचा भास व्हावा. माझ्याच जातीच्या दगडाचा एक बत्ता मला जोडीला मिळाला. आम्हा दोघांचे काम एकच: दुसऱ्या दगडांचे पीठ करायचे आणि त्यात आपले काही मिसळू द्यायचे नाही.

‘काही’ हा शब्द जरा सैल झाला. झिजतो मीही. पण माझ्यातून सुटते ती सिलिका, आणि ती या दगडांत आधीच भरपूर असते. त्यामुळे माझी चिमूटभर भेसळ कोणाच्या हिशेबात खटकत नाही.

मी ज्या प्रयोगशाळेत आलो ती एका भू-रसायनशास्त्रज्ञ बाईंची होती. सगळे त्यांना नुसतेच ‘बाई’ म्हणत. ज्वालामुखीतून वर येणारा शिलारस जमिनीखाली नेमका कुठे तयार होतो, हा त्यांचा प्रश्न. तिथवर कोणी जाऊन पाहू शकत नाही. म्हणून वर येऊन थिजलेल्या दगडालाच विचारावे लागते, की बाबा रे, तू कुठल्या खोलीवरून निघालास आणि वाटेत तुझ्यात कोण कोण मिसळले? दगड उत्तर देतो ते मूलद्रव्यांच्या प्रमाणांत. ते वाचण्याआधी त्याचे मैद्यासारखे पीठ करावे लागते, आणि तिथे माझी पाळी येते.

ती वर्षे माझ्या मानाची होती. पाहुणे आले की बाई मला उचलून दाखवत आणि म्हणत, “यात कुटलेला दगड खोटं बोलत नाही.” मला अभिमान वाटे, हे नाकारत नाही.

मग टंगस्टन कार्बाइडची चक्की आली. चहा गार होण्याआधी ती मूठभर दगडाची भुकटी करून मोकळी होई. माझ्यावर तासन्‌तास मनगट दुखवणार कोण? मी फडताळात गेलो, तडकलेली भिंगे आणि झाकणे हरवलेल्या बाटल्या यांच्या रांगेत. तिथे धूळ खात पडलो असताना बाईंची आई आजारी पडली. गोळ्या गिळता येईनात. बाईंनी मला बत्त्यासकट घरी नेले.

“अगं, ज्यात दगड कुटतेस त्यातच माझं औषध?” आईंनी पहिल्याच दिवशी विचारले. “पोटात डोंगर उभा राहील माझ्या.”

“स्वच्छ धुतलाय, आई.”

“तू म्हणतेस म्हणजे धुतलाच असेल. लहानपणी हातसुद्धा तू असेच धुवायचीस.”

आई बऱ्या झाल्या, तरी गोळ्या कुटून घ्यायची सवय सुटली नाही. मीही त्या घरीच जेवणाच्या टेबलावर राहिलो. परत नेण्याचे कोणाच्या लक्षात आले नाही.

एका संध्याकाळी बाईंचे सहकारी घरी आले. शेजारच्या खोलीत बसणारे, जन्माचे संशयी. विभागात त्यांना शंकासुर म्हणत, पाठीमागे आणि तोंडावरही. बाईंच्या नव्या लेखाची प्रत त्यांनी वाचली होती. त्या लेखात बाईंचे अर्धे आयुष्य होते. एका ज्वालामुखीच्या लाव्हात त्यांना टंगस्टन अपेक्षेहून फार जास्त सापडला होता. पृथ्वीच्या गाभ्यात टंगस्टन भरपूर आहे, असे मानतात. तेव्हा हा शिलारस थेट गाभ्याच्या कडेवरून उठला असला पाहिजे, असा त्यांचा दावा. संपादकांना शुक्रवारी अखेरचा होकार द्यायचा होता.

“लेख सुंदर आहे,” शंकासुर म्हणाले. “एकच शंका आहे.”

“तुम्हाला एकच? तब्येत बरी आहे ना?”

“एवढा टंगस्टन आला कुठून?”

“गाभ्यातून. लिहिलंय की.”

“की चक्कीतून?”

बाई हसल्या. “चक्की झिजली की टंगस्टन भुकटीत उतरतो हे मला शिकवू नका. ती भुकटी अकीकात करायला सांगितली होती मी.”

“सांगितली होतीत. पण ती झाली तुमच्या आई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा. मग अकीकाचा खल कुठे होता?”

आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

मित्रांनो, माझ्या तळाशी तेव्हा अर्ध्या गोळीची पांढरी पूड होती. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. खल फडताळात नाही म्हटल्यावर ज्याच्यावर काम सोपवले होते त्याने दगड चक्कीत टाकला असणार. आणि खल तिथे नाही, हे सांगायला बाई विसरल्या होत्या. ‘टाकला असणार’ एवढेच मी म्हणतो, कारण विचारायला कोणी उरले नव्हते. तो माणूस नोकरी सोडून केव्हाच दूर गेला होता.

“अगं, दोघं एकदम गप्प का झालात?” आतून आईंनी विचारले.

तपासायचे तर मूळ दगड हवा. विवराच्या ज्या भिंतीतून तो काढला होता ती पुढच्या उद्रेकात नव्या लाव्हाखाली गाडली गेली. बाईंजवळ उरला होता एक तुकडा, अक्रोडाएवढा.

“आणि माझ्या गोळ्या?” मला पिशवीत घालताना आईंनी हटकले.

“दोन चमच्यांत चुरडू, आई.”

“बघ हो. दगडाला मान पहिला, आईला चमचे.”

प्रयोगशाळेत माझी जी धुलाई झाली तशी आयुष्यात कधी झाली नव्हती. शुद्ध वाळू घालून घासले, ती फेकली. पुन्हा घातली, पुन्हा फेकली. मग सौम्य आम्ल, मग शुद्ध पाणी. शंकासुरांनी भिंग लावून माझा तळ इंच इंच तपासला.

“इथे ओरखडा आहे.”

“आहे,” बाई म्हणाल्या.

यानंतरचा नियम तुम्हाला विचित्र वाटेल. जो दगड दळायचा, त्याचाच एक हिस्सा आधी दळून टाकून द्यायचा. ओरखड्यात काही अडकून राहायचेच असेल, तर ते त्याच दगडाचे राहावे, म्हणून. ढीगभर दगड असताना हा नियम पाळणे सोपे. अक्रोडाएवढा असताना बाईंचा हात बत्त्यावर थबकला.

“बाई, ही पहिली चिमूट यावेळी राहू द्या,” शंकासुर हळूच म्हणाले. “वाळूने पुरेसा घासलाय.”

“हे तुम्ही म्हणताय?”

“मीच म्हणतोय. यंत्राला ठरावीक भुकटी लागतेच. कमी पडली तर उत्तरच मिळणार नाही.”

“नाही मिळालं तर नाही मिळालं. चुकीचं मी आधीच एकदा लिहून बसलेय.”

त्यांनी तुकडा जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून फोडला, हातोडीचे पोलाद त्याला शिवू नये म्हणून. एक तृतीयांश माझ्यात घातला, दळला आणि फेकला. मग उरलेला घेतला. बत्ता गोल फिरू लागला. कपाळावरचा घाम माझ्यात पडू नये म्हणून बाई मान तिरकी धरून दळत होत्या. मध्येच एक कण टणकन उडाला, माझ्या काठावरून जमिनीवर गेला. शंकासुर वाकले.

“उचलू नका,” बाई ओरडल्या. “पडला तो गेला.”

माझ्यासारखाच लाव्हातून जन्मलेला तो दगड माझ्या अंगावर भरडला जात होता. त्याने मला आपले रहस्य सांगितले, असे लिहायला छान वाटले असते. पण मला फक्त त्याची कठीण टोके लागत होती. तो कुठून आला, हे बाईंसारखेच मलाही ठाऊक नव्हते.

भुकटी तराजूवर गेली. काटा हव्या त्या रेषेच्या अगदी किंचित वर थांबला. शंकासुरांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला, तोही तोंड बाजूला वळवून.

पुढचे दिवस मी बाईंच्या टेबलावर होतो. भुकटी आम्लात विरघळत होती, मग यंत्रात जाणार होती. बाई त्या दिवसांत कोणाशी धड बोलल्या नाहीत. फोन वाजला की दचकत. शुक्रवारी सकाळी शंकासुर दारात आले आणि तिथेच उभे राहिले.

“बसा आधी,” ते म्हणाले.

“उभ्यानेच ऐकते.”

“दगड साधा आहे. शेजारच्या कुठल्याही लाव्हात असतो तेवढाच टंगस्टन. कोबाल्टही खाली आलाय.”

दोन्ही धातू चक्कीतले.

“पुन्हा करून बघू या,” शंकासुर घाईघाईने म्हणाले. “थोडी भुकटी उरलीय. खलात काही राहिलं असेल…”

“खलात राहिलं असतं तर टंगस्टन वाढला असता. कमी कसा होईल?”

शंकासुरांना शंका सुचली नाही. मी त्यांना तसे प्रथमच पाहिले.

“एक सांगा,” बाई म्हणाल्या. “आकडा माझ्या बाजूने आला असता, तर पुन्हा तपासायला लावलं असतंत?”

“मी? मी तर तीनदा लावलं असतं.”

बाईंना हसू आले, पण ते टिकले नाही. “आणि मी स्वतःहून तपासलं असतं का?”

मग बाईंनी संपादकांना फोन लावला आणि सांगितले, “लेख मागे घेतेय. माझा शिलारस इतका खोलवरचा नसावा.” ‘नसावा’ या शब्दावर त्यांनी जोर दिला. कुठून आला, हा प्रश्न तसाच उभा होता. फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या, आणि बराच वेळ त्यांचा तळहात माझ्या काठावर होता.

मित्रांनो, उपकरणे नीट ठेवा, जागच्या जागी ठेवा, वापरून झाली की धुवा, हे तुम्हाला शाळेत सांगतात. ते बरोबरच आहे. पण उत्तर मनाविरुद्ध आले की मला कोणीही पुन्हा धुवायला घेते. माझी विनंती उलटी आहे. उत्तर अगदी हवे तसे येईल, तुम्ही आनंदाने टाळी द्यायला वळाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि मला आणखी एकदा घासा.